न उघडलेली पाकिटं

पिशवी सुपरमार्केटची होती. सिंकखालच्या कपाटातून आण्णांनी ती बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून खिडकीकडं तोंड करून बसले. बाहेर बर्फ होता. फेब्रुवारी २००९. मी पाकिटं मोजली. ६३ होती, आणि त्यातलं एकही उघडलेलं नव्हतं.

त्यांचं नाव आण्णा नव्हतं. खरं नाव मी कुठंच लिहिणार नाही, पण मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून आण्णा म्हणत आले. वय ५८. इंग्लंडच्या मध्यभागातलं हे गाव, जिथं एके काळी मोजे आणि बनियन विणायचे कारखाने होते. आण्णांनी तीस वर्षं त्या यंत्रांवर काढली, मग कारखाना बंद झाला. यंत्रांच्या खडखडाटानं कान गेलेले, त्यामुळं बोलायचे ते ओरडल्यासारखं. माझ्या आधी गेलेली मुलगी त्या आवाजाला घाबरून परत आली होती. मी इचलकरंजीची. माझे वडील मागावर होते, आमची अख्खी गल्ली तशीच बोलायची. मला तो आवाज घरचा वाटला.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांची बायको वारली होती. घरातलं सगळं वाचणं तिचं होतं. वीजबिल, भाड्याचा हिशेब, सरकारी फॉर्म, सगळं. आण्णांना सही करता यायची आणि बसवरची पाटी ओळखता यायची. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्या दोघांनाच माहीत होती. ती गेल्यावर टपाल येत राहिलं आणि आण्णा ते पिशवीत ठेवत राहिले.

दोन दिवस आम्ही पाकिटं उघडली. जाहिराती एकीकडं, गॅस-विजेची एकीकडं, कौन्सिल टॅक्सची वेगळी, भाड्याची वेगळी. मग गोष्ट दिसायला लागली. बायको गेल्यावर घरभाडे भत्त्याच्या खात्यानं फॉर्म पाठवला होता : तुमच्या परिस्थितीत बदल झाला आहे, माहिती भरून पाठवा. फॉर्म गेला नाही. आठवण आली, दुसरी आठवण आली, मग भत्ता थांबला. भत्ता थांबला म्हणून भाडं थकलं. भाडं थकलं म्हणून नोटीस आली. अगदी वरचं, सगळ्यात नवं पाकीट कोर्टाचं होतं. घर सोडवून घेण्याच्या दाव्याची सुनावणी नऊ दिवसांवर होती.

मी फॉर्म भरला. मागच्या महिन्यांचा भत्ता मिळावा म्हणून अर्ज केला आणि हा माणूस लिहू-वाचू शकत नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं. ते लिहायला आण्णांची परवानगी मिळवण्यात एक अख्खी दुपार गेली. कोर्टात त्यांच्याशेजारी उभी राहिले. न्यायाधीशांनी आदेश दिला तो स्थगित : चालू भाडं आणि आठवड्याला थकबाकीतले काही पौंड भरत राहायचे, तोवर घर त्यांचं. पुढं सात महिने मी दर आठवड्याला जात होते. मग जाणं थांबलं, कारण गरज उरली नव्हती. आण्णा घरात राहिले.

त्या कामाचा निकाल एवढाच : एक माणूस होता तिथंच राहिला. ही घटना कुठल्याही वर्तमानपत्रात येत नाही. तरी या न घडलेल्या गोष्टीसाठी कुणीतरी पैसे मोजले होते, आणि ते कुणी, का आणि कसे मोजले हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे. गेली बारा-तेरा वर्षं ते पैसे मोजायचं काम मी स्वतः करते.

आमच्या कामाला इथं कमिशनिंग म्हणतात. गावी हा शब्द सांगितला की लोकांना टक्केवारी आठवते, दलाली आठवते. तसं काही नाही. कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था, काही सेवा स्वतः चालवत नाही. आपल्या भागात कुणाला कशाची गरज आहे हे ती आधी पाहते, सेवा कशी हवी ते कागदावर लिहून काढते, निविदा मागवते, एखाद्या धर्मादाय संस्थेला किंवा गृहसंस्थेला तीन-पाच वर्षांचं कंत्राट देते आणि काम होतंय का ते तपासत राहते. एवढ्या साऱ्याला मिळून हा एक शब्द. २००९ मध्ये मी एका धर्मादाय संस्थेची सपोर्ट वर्कर होते. माझा पगार संस्था द्यायची, संस्थेला पैसे काउंटी कौन्सिल द्यायची.

या सेवेत काय काय येतं? बेघर तरुणांची हॉस्टेलं, मारहाण होणाऱ्या बायकांची आश्रयघरं, मानसिक आजारातून उठलेल्यांसाठी देखरेखीची घरं. आणि माझ्यासारखे फिरते कार्यकर्ते, जे माणसाच्या स्वतःच्या घरी जातात. याला फ्लोटिंग सपोर्ट म्हणतात. यात वीट नाही, छप्पर नाही. दार वाजवणारं एक माणूस आहे, बस्स. माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रकार हाच, कारण यात घर जाण्याआधी कुणीतरी पोचतं.

बेघरपण हा कौन्सिलचा विषय आहे ही कल्पना इथंही फार जुनी नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये बीबीसीवर ‘कॅथी कम होम’ हे केन लोच यांनी दिग्दर्शित केलेलं नाटक दाखवलं गेलं. एक साधं तरुण कुटुंब घर गमावत गमावत शेवटी फुटतं, मुलं आईच्या हातातून काढून घेतली जातात. देश हादरला. त्याच वर्षी १ डिसेंबरला ‘शेल्टर’ ही संस्था सुरू झाली. तरी कायदा यायला १९७७ उजाडलं. स्टीफन रॉस या लिबरल खासदारानं मांडलेल्या विधेयकातून बेघरांना निवारा देणं हे कौन्सिलांचं कायदेशीर कर्तव्य झालं. पण सगळ्यांसाठी नाही. लेकुरवाळी, गरोदर, म्हातारी, आजारी अशांचा हक्क पहिला. एकट्या धडधाकट पुरुषाला सल्ल्याचा कागद मिळायचा. शिवाय ‘जाणूनबुजून बेघर’ असाही एक शिक्का कायद्यात आहे. भाडं थकवून घर गेलं तर तो बसू शकतो. पाकिटं न उघडणाऱ्या आण्णांवर तो बसायला नऊ दिवस उरले होते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

प्रतिबंधासाठी खरा पैसा आला तो १ एप्रिल २००३ ला. ‘सपोर्टिंग पीपल’ नावाची योजना, इंग्लंडसाठी पहिल्या वर्षी १.८ अब्ज पौंड. अट अशी की हा पैसा घर टिकवण्याच्या आधारावरच खर्च करायचा, दुसरीकडं वळवायचा नाही. दहा लाखांहून अधिक माणसांपर्यंत ती पोचली. २००९ मध्ये सरकारनंच हिशेब करवून घेतला, तेव्हा असं निघालं की या सेवांवर वर्षाला १.६१ अब्ज पौंड खर्चले तर दवाखाने, तुरुंग, वृद्धाश्रम, बेघरांची सोय यांवरचा खर्च वाचून निव्वळ ३.४१ अब्जांचा फायदा होतो. आणि त्याच वर्षी ‘दुसरीकडं वळवायचा नाही’ ही अट काढून टाकली गेली. २०११ पासून तर या रकमेचं वेगळं नावही उरलं नाही, ती कौन्सिलांच्या सर्वसाधारण अनुदानात मिसळून गेली. नेमकं तेव्हाच ते अनुदानही आटत होतं.

पुढचं समजायला एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. म्हाताऱ्यांची शुश्रूषा आणि मुलांचं संरक्षण कायद्यानं बंधनकारक आहे. आण्णांचं दार वाजवणं बंधनकारक नाही. अंदाजपत्रकात खड्डा पडला की कात्री कुठं चालते, हे फेब्रुवारीच्या बैठकीत बसून मी वर्षानुवर्षं पाहते आहे. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७ च्या अहवालात नोंदवलं की २०१० नंतर या सेवांवरचा कौन्सिलांचा खर्च महागाई वजा जाता ५९ टक्क्यांनी घटला. आमचं पथक २०१२ मध्ये बंद झालं. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, काउंटी कौन्सिलमध्ये. वाटलं, लिहिणाऱ्याच्या हातात असतं तर वाचवता आलं असतं.

पहिली निविदा मी हाताळली ती पुढच्या वर्षी. गुणांची वाटणी वरून ठरून आली होती : किमतीला ६०, दर्जाला ४०. जी संस्था जिंकली तिचा प्रस्ताव स्वस्त होता, आणि तो स्वस्त का होता हे एका आकड्यात होतं. एका कार्यकर्त्याकडं ३५ माणसं. माझ्याकडं २००९ ला १८ होती. आठवड्याचे कामाचे तास ३७. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला जेमतेम एक तास, आणि त्या तासातच बसप्रवास, फोनवर ताटकळणं, नोंदी लिहिणं सगळं. साहजिकच भेटी कमी झाल्या आणि आधार फोनवरून द्यायला सुरुवात झाली. जो पाकीट उघडत नाही तो अनोळखी नंबर उचलत नाही. तीनदा फोन उचलला नाही की केस बंद, असा नियम होता, आणि अहवालात तिची ‘ग्राहकानं सेवा नाकारली’ अशी नोंद व्हायची. तिमाही आकडे सुंदर यायचे. ज्यांनी फोन उचलले त्यांतल्या दहापैकी नऊ जणांची घरं टिकली होती. उरलेल्यांची मोजणीच नव्हती. त्या निविदेवर माझी सही आहे. संस्थेला दोष द्यायचा माझा हक्क नाही, आम्ही जे लिहिलं तेच त्यांनी दिलं.

पुढच्या खेपेला आम्ही एक वेगळी गोष्ट केली. प्रस्ताव वाचणाऱ्या मंडळात दोन जागा अशा लोकांना दिल्या ज्यांनी ही सेवा स्वतः घेतली होती. त्यात एक बाई होत्या, तरुणपणी दोन वर्षं हॉस्टेलात काढलेल्या. मुलाखतीला आलेल्या संस्था चकचकीत तक्ते घेऊन आल्या होत्या. या बाईंनी प्रत्येकीला एकच विचारलं : “रात्री अकरा वाजता फोन केला तर कोण उचलतं, आणि त्याला माझं नाव माहीत असतं का?” एका संस्थेच्या प्रतिनिधीनं कॉल सेंटरचं वर्णन सुरू केलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. त्या दिवशी मला जे शिकायला मिळालं ते खरेदी-विभागाच्या कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

त्या कंत्राटात मी दर्जाला ७० गुण मिळवून घेतले. एका कार्यकर्त्याकडं २० हून जास्त माणसं नकोत असं लिहिलं. दार उघडलं नाही म्हणून केस बंद करायची नाही, सहा आठवडे वेगवेगळ्या वेळी जायचं, चिठ्ठी टाकायची, शेजाऱ्याशी बोलायचं, हेही लिहिलं. पैसे मात्र तेवढेच होते. त्यामुळं कमी माणसं घेता आली आणि प्रतीक्षायादी लांबली. यादीत ताटकळणाऱ्यांपैकी किती जणांची घरं त्या काळात गेली याचा विचार मी करते. तरीही पुन्हा तसंच करेन. अर्ध्या मनानं चाळीस दारं वाजवून काहीच हाती लागत नाही.

आता या व्यवस्थेतली एक गाठ सांगते, जी बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. इंग्लंडच्या ग्रामीण पट्ट्यात दुहेरी कारभार आहे. वर काउंटी कौन्सिल, खाली जिल्हा कौन्सिलं. आपल्याकडच्या जिल्हा परिषद आणि नगरपालिकेसारखं समजा, अगदी तसंच नसलं तरी. घर टिकवण्याच्या आधाराचा पैसा काउंटीकडं आला. बेघर झालेल्यांना निवारा देण्याचं कर्तव्य मात्र जिल्ह्याचं. काउंटीनं फ्लोटिंग सपोर्ट बंद केला तर बचत काउंटीच्या वहीत दिसते. सहा महिन्यांनी तीच कुटुंबं पिशव्या घेऊन जिल्ह्याच्या दारात उभी राहतात, आणि त्यांना लॉजमध्ये ठेवायचं बिल जिल्ह्याच्या वहीत चढतं. दोन्ही वह्या एकाच करदात्याच्या. मी हे दोन्ही आकडे एका कागदावर मांडून बैठकीत ठेवले आहेत, एकदा नाही, अनेकदा. लोक कागद पाहतात, मान हलवतात आणि म्हणतात, “हो, पण ती आमची बचत नाही.”

ते बिल आता केवढं झालंय? ३१ मार्च २०२५ ला इंग्लंडमध्ये १,३१,१४० कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती, त्यांत सुमारे १,६९,००० मुलं. २०२४-२५ या एका वर्षात कौन्सिलांनी त्यावर सुमारे २.८ अब्ज पौंड खर्च केले. ‘सपोर्टिंग पीपल’चे १.८ अब्ज आठवा. मुलं असलेल्या कुटुंबाला लॉजच्या एका खोलीत सहा आठवड्यांहून जास्त ठेवता येत नाही असा नियम आहे, आणि तो मोडला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. पलंगावर बसून गृहपाठ करणारी, केटलच्या पाण्यात नूडल्स भिजवून जेवणारी मुलं मी पाहिली आहेत. रस्त्यावर झोपणारे यात धरलेले नाहीत. शरद ऋतूतल्या एका रात्रीच्या शिरगणतीत ते २०१० ला १,७६८ होते, २०२४ ला ४,६६७.

कायदा सुधारला नाही असं नाही. बॉब ब्लॅकमन या खासदारांच्या विधेयकातून २०१७ चा कायदा झाला आणि ३ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. आता घर जाण्याचा धोका ५६ दिवसांच्या आत असेल तर ते टाळण्याचा प्रयत्न करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, माणूस एकटा असो की लेकुरवाळा. रुग्णालयं, तुरुंग, रोजगार केंद्रं यांनाही कुणी बेघर होताना दिसलं तर कौन्सिलला कळवावं लागतं. चांगला कायदा आहे. पण ५६ दिवस मोजायला सुरुवात होते ती माणूस कौन्सिलच्या दारात आला म्हणजे. आण्णा आले नसते. त्यांच्याकडं ५६ नव्हे, ४०० हून अधिक दिवस होते आणि ते सगळे सिंकखालच्या कपाटात गेले.

कर्तव्य लिहिलं की काय होतं याचं उदाहरण शेजारीच आहे. २०२१ च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्यानं आश्रयघरात राहणाऱ्या बायका-मुलांना आधार देणं काउंटीसारख्या वरच्या कौन्सिलांना बंधनकारक केलं, आणि पहिल्या वर्षी त्यासाठी १२.५ कोटी पौंड दिले. तेव्हापासून आमच्या बैठकीत त्या ओळीला कुणी हात लावत नाही. त्याच पानावर, दोन ओळी खाली, फ्लोटिंग सपोर्ट असतो. त्याला लागतो.

या आश्रयघरांबद्दल मराठी वाचकांना, विशेषतः ज्यांच्या मुली लग्न होऊन इकडं येतात त्यांना, एक सांगायला हवं. इथल्या बहुतेक व्हिसांवर ‘सरकारी मदत नाही’ असा शेरा असतो. घरभाडे भत्ता नाही, बेघरांसाठीचा निवारा नाही. दोन वर्षांपूर्वी रविवारी सकाळी मला एक फोन आला. मुलगी सांगलीकडची, रडत नव्हती, अगदी हळू बोलत होती. “ताई, मी बाथरूममधून बोलतेय. ते म्हणतात, मी इथून निघाले की पोलीस मला सरळ विमानात बसवतील.” नवऱ्यानं तिला हेच सांगून ठेवलं होतं. ते खोटं होतं. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या आणि अत्याचारामुळं संसार मोडलेल्या व्यक्तीला गृहखात्याकडून तीन महिन्यांची सवलत मागता येते, ज्यात सरकारी मदतीचं दार उघडतं. त्या काळात आश्रयघर मिळतं, वकील मिळतो. तिला मिळालं. मी तिला फक्त कुणाला फोन करायचा ते सांगितलं होतं. पलीकडं फोन उचलणारी बाई एका कंत्राटावर नोकरी करत होती आणि ते कंत्राट कुणीतरी माझ्यासारख्यानं लिहिलेलं होतं.

आणि जिथं कुणीच लिहीत नाही तिथं काय होतं तेही पाहा. बर्मिंगहॅममध्ये आधाराची सोय असलेली घरं म्हणून हजारो खोल्या उभ्या राहिल्या. ‘थोडाफार आधार’ दिला जातो एवढं दाखवलं की अशा घराच्या भाड्याला नेहमीची कमाल मर्यादा लागत नाही आणि भत्ता जास्त मिळतो. कौन्सिलनं सेवा मागवलेली नव्हती, त्यामुळं तिच्या हाती कंत्राटाचा चाबूकही नव्हता. सगळी घरं वाईट नव्हती, पण एका छपराखाली व्यसनातून सुटू पाहणारा आणि व्यसन विकणारा, दोघंही, आणि आधार म्हणजे आठवड्यातून एकदा दारातून हाक, असंही चाललं. खासदारांच्या समितीनं २०२२ मध्ये यावर अतिशय कडक अहवाल दिला, २०२३ मध्ये नियमनाचा कायदा झाला. तोही ब्लॅकमन यांच्याच विधेयकातून.

सध्या आमच्याकडं धामधूम आहे. सरकारनं दुहेरी कारभार संपवायचं ठरवलं आहे. काउंटी आणि जिल्हे मोडून एकच कौन्सिल, बहुतेक ठिकाणी २०२८ पर्यंत. माझ्या सहकाऱ्यांना नोकऱ्यांची काळजी आहे, मलाही आहे. पण दोन वह्यांची एक वही होणार आहे. ‘ती आमची बचत नाही’ असं म्हणायला समोर कुणी उरणार नाही. नव्या कौन्सिलच्या पहिल्या अंदाजपत्रकात ही सेवा असावी म्हणून मी आत्तापासून मसुदा लिहिते आहे, आणि जमेल त्या नगरसेवकाला, खासदाराच्या कचेरीला एकच मागणं घालते आहे : हेही कर्तव्य म्हणून कायद्यात लिहा.

मसुद्याच्या चौथ्या पानावर पहिल्या भेटीत काय करायचं ते आहे. मी लिहिलं आहे : ‘घरात न उघडलेलं टपाल आहे का हे विचारावं. असल्यास ते त्या व्यक्तीसोबत बसून, तिच्या परवानगीनं, एकेक उघडावं. यासाठी दोन तास राखून ठेवावेत.’ कायदा विभागानं समासात प्रश्नचिन्ह काढलं : हे इतक्या तपशिलात हवं का, ‘प्रारंभिक मूल्यमापन’ म्हटलं तर चालणार नाही का? मी उत्तर पाठवलं, चालणार नाही. खाली आण्णांची हकिकत लिहिली, नाव वगळून, ६३ आकड्यासकट. शुक्रवारी मसुदा परत आला. प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं आणि दोन तासांच्या जागी कुणीतरी पेन्सिलीनं तीन लिहिले होते.